चासी विलायतेची, डबा आपला

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा आहे. नकाशावर तो दोन राष्ट्रीय महामार्गांचा मिलाफ. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी करत तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा रस्ता आणि तुळजापूर-लातूरकडून येऊन हदगाव, उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरची दिशा धरणारा ३६१ क्रमांकाचा रस्ता इथे भेटतात आणि नांदेडपर्यंत एकाच वाटेने चालतात. प्रवाशांच्या लेखी मात्र फाट्याची खरी ओळख म्हणजे इथली गरम खिचडी. गाडी थांबली की निम्मी माणसे पाय मोकळे करायला उतरतात आणि निम्मी खिचडीसाठी.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या गाडीची वाट पाहत मी तिथे बसलो होतो. हॉटेलसमोर एक चासी येऊन उभी राहिली. नुसती चासी. दोन लांब लोखंडी दांडे, त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या, खाली चाके, पुढे उघडे इंजिन आणि इंजिनाशेजारी लाकडी फळीच्या बैठकीवर चालक. छत नाही, काच नाही, दार नाही. चालकाने डोक्याला, तोंडाला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, अंगावर चार राज्यांची धूळ. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने खिचडीचा घास थांबवून विचारले, "कुठं चालली ही?" चालक तमिळ मुलखातला, पण प्रश्न त्याला कळला. "इंदूर. बॉडी उधर." म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे आपण यष्टी व्हनार का टूरवाल्याची गाडी व्हनार, हे हिलाबी अजून ठाव न्हाई."

मी बरीच वर्षे जुन्या बसगाड्यांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्या सगळ्या वाचनाचा गाभा म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितला. बस ही एक वस्तू नाही, त्या दोन वस्तू आहेत. खालची एकाने केलेली, वरची दुसऱ्याने. खालचीचे नाव गाडीच्या तोंडावर ठळक अक्षरांत मिरवते. वरचीत आपण बसतो, झोपतो, उलट्या करतो, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, आणि तिचा कर्ता सहसा कोणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या एसटीचा इतिहास सांगताना आपण मार्ग, आगार, तिकिटे, संप यांविषयी भरपूर बोललो आहोत. बॉडीचा इतिहास मात्र कार्यशाळेच्या भिंतीआडच राहिला. हा लेख त्या वरच्या वस्तूविषयी आहे.

आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला होता. मराठीत इंजिन बनवतात, मोटार तयार करतात, पण बॉडी बांधतात. घर बांधावे, बांध घालावा, तशी बॉडी बांधायची. "चासी घेतलीय, बॉडी बांधायला टाकलीय" हे वाक्य कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल. आणि लोकांनी एसटीला प्रेमाने वा वैतागाने जे नाव दिले, 'लाल डबा', ते पूर्णपणे बॉडीचे नाव आहे. चासी लाल नसते आणि ती डबाही नसते.

*

ही विभागणी मुळात विलायतेची. इंग्लंडात बसचा खालचा भाग ज्यांनी केला ते यंत्रवाले होते. लँकेशायरमधल्या लेलँड गावची कंपनी १८९६ साली वाफेच्या गाड्या करण्यासाठी निघाली. ग्लासगोची अल्बियन १८९९ ची. थॉर्निक्रॉफ्ट घराणे मूळचे होड्या बांधणारे. या मंडळींना पोलाद, बॉयलर, दात्यांची चाके कळत. माणसाला बसायला जागा कशी हवी, पाऊस कुठून आत येतो, दार कोणत्या बाजूला उघडावे, हे त्यांना कळत नव्हते आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती. कारण ते जाणणारी दुसरी जमात गावोगाव होती. घोड्याच्या बग्ग्या आणि घोड्याच्या बस बांधणारे सुतार, लोहार, गादीवाले, रंगारी असे ते लोक होते. घोडा गेला आणि चासी आली, पण त्यांच्या कारखान्यातल्या रंध्याला आणि किकऱ्याला काम तेच राहिले.

सुरुवातीच्या काळात तर एकाच चासीला दोन बॉडी असत. आठवडाभर मालाचा हौदा, आणि रविवारी तो उचलून खाली ठेवायचा व सहलीच्या लोकांसाठी बाकांच्या रांगा असलेली उघडी बॉडी वर चढवायची. आपल्याकडे आठवडाभर शेणखत वाहणाऱ्या बैलगाडीला जत्रेच्या दिवशी कमानी खोचून वर ताडपत्री टाकत, पोत्यांवर गोधडी अंथरत, तसेच हे. आख आणि चाके तीच, वरचा संसार बदललेला.

पुढे हा धंदा मोठा झाला. लंडनजवळची पार्क रॉयल, हेंडनची डुपल, स्कार्बरोची प्लॅक्स्टन, लीड्सची चार्ल्स रो, विगनची नॉर्दर्न काउंटीज, लोस्टॉफची ईस्टर्न कोच वर्क्स ही नावे म्हणजे बॉडी बांधणाऱ्यांची घराणीच. बेडफर्डची ओबी नावाची चासी १९३९ साली निघाली. युद्धाने तिला थांबवले, युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली, आणि एकूण १२ हजारांहून अधिक निघाल्या. त्यांतल्या बहुतेक प्रसिद्ध झाल्या त्या डुपलने बांधलेल्या २९ आसनांच्या गोलसर बॉडीमुळे. आजही इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात लोक बेडफर्डकडे बोट दाखवतात, पण पाहत असतात डुपलचे काम.

अशी फारकत टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. एक कारण गिऱ्हाईक. बसगाड्या चालवणाऱ्या नगरपालिका आणि खासगी कंपन्या शेकड्यांनी होत्या. प्रत्येकाला आपल्या गावचा रंग हवा, कुणाला पुलाखालून जाईल इतकी बुटकी दुमजली हवी, कुणाला मागे दार, कुणाला पुढे. नगरपालिकेला आपल्याच गावच्या सुताराला काम द्यायचे असे. दुसरे कारण आयुष्य. चासी आणि बॉडी एकाच वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात काटकसरीच्या बॉडी बांधल्या. लाकूड नीट मुरवलेले नव्हते, काही गाड्यांची बाकेही फळ्यांचीच होती. त्या बॉडी थोड्याच वर्षांत कुजल्या, पण त्यांच्या खालच्या गाय कंपनीच्या चासी ठणठणीत राहिल्या. मग १९५० च्या दशकात त्या चासींना नव्या बॉडी मिळाल्या.

याची हद्द लंडनने गाठली. ऑल्डनहॅम येथे लंडन ट्रान्सपोर्टचा प्रचंड दुरुस्ती कारखाना होता. १९५० च्या दशकात तो पूर्ण भराला आला आणि १९८६ मध्ये बंद झाला. तिथे लंडनची प्रसिद्ध आरटी बस आली की बॉडी उचलून एका बाजूला जाई आणि चासी दुसऱ्या बाजूला. दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या वेगाने होई. शेवटी जी चासी आधी तयार असेल तिच्यावर जी बॉडी आधी तयार असेल ती बसवायची आणि गाडी बाहेर काढायची. नंबर जुना, बॉडी भलतीच. गीतेतला वस्त्रे बदलणाऱ्या आत्म्याचा दृष्टांत इथे लागू करावा असे वाटते, पण मग आत्मा कोणाला म्हणायचे हा प्रश्न उरतो. चासीला म्हणावे, तर ज्या बाकावर माणूस वीस वर्षे बसला ते बाक काय फक्त वस्त्र?

*

विलायतेतून चासी बाहेरदेशी जाऊ लागली तेव्हा बॉडी सहसा मागे राहिली. हिशेब साधा आहे. चासी म्हणजे वजन, बॉडी म्हणजे बहुतांशी हवा. बोटीवर बस चढवायची तर भाडे त्या हवेचेच द्यावे लागते. शिवाय इंग्रज सुतार ॲशचे लाकूड वापरत. ते त्यांच्या हवेत चिवट, पण उष्ण कटिबंधातल्या पावसाळ्यात फुगणारे आणि वाळवीच्या आवडीचे. हिंदुस्थानात सागवान होते, सुतार होते आणि मजुरी स्वस्त होती. रेल्वेचे डबे सागवानातच बांधले जात. बग्ग्या बांधणारे कारखानेही इथे जुने होते. मद्रासची सिम्सन कंपनी १८४० साली घोडागाड्या बांधण्यासाठी सुरू झाली आणि पुढे मोटारी नि बसच्या बॉडींकडे वळली. लीड्समध्ये जे घडले ते मद्रासमध्येही घडले, फक्त लाकूड बदलले.

चासीबरोबर मात्र एक कागद येई, तो महत्त्वाचा. बॉडी बांधणाऱ्यासाठी काढलेले मोजमापाचे चित्र. आडव्या तुळया कुठे टेकवाव्यात, वजन पुढच्या आसावर किती आणि मागच्यावर किती पडावे, चासीच्या दांड्याला कुठे भोक पाडू नये. या शेवटच्या सूचनेत सगळ्या धंद्याचे मर्म आहे. चासीचा दांडा हा इंग्रजी सी अक्षरासारखा वळवलेला पोलादी पन्हळ असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या काठावर ताण सर्वांत जास्त. तिथे भोक पाडले की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून बॉडीच्या तुळया चासीवर ठेवून मध्ये लाकडाचा किंवा रबराचा तुकडा घालतात आणि यू आकाराच्या बोल्टांनी आवळतात. चासी खड्ड्यात पिळवटली जाते, ती तशी पिळवटायलाच हवी. वरच्या बॉडीने तिच्याबरोबर थोडे वाकायचे, पण तुटायचे नाही. लाकडी बॉडीचा कुईकुई आवाज हा कमअस्सलपणाचा नव्हता. सांधे आपले काम करीत असल्याचा तो आवाज होता. हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. लहानपणी त्या आवाजाने जीव मुठीत धरून बसायचो.

*

आता वारंगा फाट्याकडे परत येऊ, कारण या जागेला या इतिहासात एक खास कोन आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. उमरखेडच्या रस्त्याने पुढे गेले की पैनगंगा लागते. तिच्या पलीकडे वऱ्हाड. म्हणजे मुंबई राज्याच्या बसगाड्यांशी या भागाचा मुळात संबंधच नव्हता.

आपल्याकडे एसटीचा जन्म १ जून १९४८ हा धरतात. त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. बेडफर्डची चासी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या, ३० आसने. हे सगळे खरे, आणि दरवर्षी वर्धापनदिनी ते सांगितलेही जाते. पण नगरच्या पुढे सरहद्द ओलांडली की निजामाचे राज्य होते, आणि तिथे सरकारी बस त्याआधी १६ वर्षे धावत होती. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचे खाते काढले. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी. देशातल्या अगदी पहिल्या सरकारी बससेवांपैकी ही एक. तिच्या गाड्या अल्बियनच्या, ग्लासगोतल्या स्कॉट्सटन कारखान्याच्या. त्यांतली एक जुनी अल्बियन हैदराबादला अजून जपून ठेवली आहे. या गाड्यांच्या नंबरात झेड हे अक्षर असे. ते निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावाचे आद्याक्षर असे सांगतात. दंतकथा असेल, पण गाडीच्या पाटीवर आईचे नाव असावे ही कल्पना लोकांना इतकी आवडली की ती पुसली गेली नाही.

मराठवाड्याने स्वतःच्या या वारशाचा कधी फारसा गाजावाजा केला नाही. निजामाच्या काळाविषयी आपल्या मनात जे आहे ते रझाकारांच्या आठवणींनी झाकलेले आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. पण बसचा इतिहास लिहिताना १९४८ पासून सुरुवात करणे म्हणजे निम्म्या महाराष्ट्राचा इतिहास पुण्याच्या स्टँडवरून सांगणे.

या खात्याची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते रेल्वेच्या पोटातून जन्मले. मुंबईत बस आली ती ट्रामवाल्यांच्या हातून. बीईएसटीने १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सोडली. हैदराबादेत बस आली ती आगगाडीवाल्यांच्या हातून. आगगाडीत इंजिन वेगळे आणि डबा वेगळा ही गोष्ट इतकी उघड असते की कुणी ती बोलूनही दाखवत नाही. बसला डबा म्हणणारी आपली जीभ, मला वाटते, रेल्वेच्या फलाटावरच वळलेली आहे.

१ नोव्हेंबर १९५१ ला हे खाते रेल्वेकडून हैदराबाद सरकारकडे गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच्या वाट्याच्या गाड्या मराठवाड्याच्या राज्य परिवहनाच्या झाल्या. नागपूरकडे प्रांतिक परिवहन सेवा होती. पश्चिमेकडे मुंबई राज्याचे महामंडळ. १ जुलै १९६१ ला तिन्ही प्रवाह महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात मिळाले. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आज तीन आहेत. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. जुन्या तीन घरांना तीन चुली राहाव्यात तशा. बॉडी बांधतात ते इथेच.

*

आता दापोडी-चिकलठाण्यातल्या त्या अनाम हातांनी नेमके केले काय, ते सांगतो.

सुरुवातीच्या एसटीकडे दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या चासी होत्या. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. यांतली निम्म्याहून अधिक नावे विलायतेची. दहा कंपन्या म्हणजे दहा तऱ्हेचे सुटे भाग, दहा तऱ्हेचे पाटे, पुढच्या-मागच्या चाकांतली दहा तऱ्हेची अंतरे. भांडारपालाच्या डोक्याला मुंग्या याव्यात असा हा मेळा. अशा बारा गावच्या चासींना एका संस्थेचा चेहरा कशाने आला? बॉडीने. एकच रंग, एकच पाटी, एकाच धाटणीची खिडकी. गावातल्या माणसाला खाली सेडन आहे की कॉमर, याच्याशी कर्तव्य नव्हते. धूळ उडवत येणारी ती आकृती 'यष्टी' आहे एवढे त्याला लांबून कळत असे. एसटी नावाची जी वस्तू आपल्या मनात आहे ती सुतारांनी, पत्रेवाल्यांनी आणि रंगाऱ्यांनी घडवलेली आहे. ब्रिटिश कंपन्यांनी तिला चाके पुरवली.

याचा सर्वांत लोभस पुरावा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. एसटीने पुणे-महाबळेश्वर मार्गावर दोन आरामगाड्या आणल्या. चासी मॉरिस कमर्शियलची, म्हणजे बर्मिंगहॅमची. एकीचे नाव 'नीलकमल', दुसरीचे 'गिर्यारोहिणी'. दोन-दोन आसनांच्या रांगा, पडदे, आतून सजावट, हिरवट काचा आणि भिंतीला घड्याळ. ही यादी पुन्हा वाचा. पडदे, काचा, घड्याळ, आसने, यांतले एकही बर्मिंगहॅमहून आलेले नाही. आणि नावे तर अस्सल इथली. घाट चढणाऱ्या गाडीला 'गिर्यारोहिणी' म्हणणाऱ्या त्या कुणा अधिकाऱ्याला संस्कृत येत होते आणि गाडीवर जीवही होता. एरवी सरकारी फायलीत गाडीला नंबर मिळतो, नाव मिळत नाही. गाडीत घड्याळ लावण्याचे धाडस मात्र पुढे कुणी केल्याचे दिसत नाही, आणि एसटीच्या वक्तशीरपणाकडे पाहता ते शहाणपणाचेच होते.

लाकडाचा काळ फार टिकला नाही. लाकडी बॉडी जड होई, सांधे ढिले पडत, अपघातात फळ्या फाटत. मग पूर्ण धातूच्या बॉडी आल्या. पोलादी पत्रा आला तसा गंजही आला. कोकणात खाऱ्या वाऱ्याने पत्रा पापडासारखा झडू लागला. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमची बॉडी आली. कोकणाचे औषध मग सगळ्या महाराष्ट्राने घेतले. हिंगोलीला समुद्र नाही, तरी हिंगोलीची गाडीही ॲल्युमिनियमची. याच वाटचालीत आसने ३० वरून ४५ आणि ४५ वरून ५४ झाली. हे आकडे आपण प्रगतीचे म्हणून वाचतो. बॉडी बांधणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ते गुडघ्यांचे आकडे आहेत. पुढच्या बाकाची पाठ आणि मागच्याचे गुडघे यांत किती बोटे अंतर उरते, हे ठरवणारा माणूस कार्यशाळेत पट्टी घेऊन उभा होता.

चासीही एव्हाना देशी झाली होती. मद्रासची अशोक मोटर्स १९४८ ला निघाली, लेलँडशी करार करून १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी हात मिळवला. दहाची यादी हळूहळू दोनावर आली. पण चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, ही विलायती रीत आपण सोडली नाही.

*

या रीतीची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवे. जुन्या गाड्यांच्या प्रेमात हे विसरायला होते.

पहिली किंमत पायरीची. इंग्लंडात आरंभी बस आणि मालमोटार एकाच चासीवर बांधत. चासी उंच, म्हणून गाडीची जमीन उंच, म्हणून पायऱ्या उंच. १९२५-२७ च्या सुमारास लेलँडने बससाठी वेगळी चासी काढली. तिचे दांडे दोन आसांच्या मधल्या भागात खाली वाकवलेले होते. १९२७ ची टायटन ही त्यातली गाजलेली. जमीन खाली आली आणि म्हातारीकोतारी माणसे सहज चढू लागली. आपल्याकडे मात्र मालमोटारीच्या नात्यातली उंच चासीच दशकानुदशके बसच्या वाट्याला आली. नऊवारी नेसलेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवंड धरलेली बाई फाट्यावर एसटीच्या पहिल्या पायरीकडे कशी पाहते ते एकदा पाहा. पायरीची उंची चासीने ठरवलेली असते. बॉडी बांधणाऱ्याच्या हातात एवढेच उरते की दाराशी धरायला एक दांडा नीट जागी लावावा. त्याने तो लावलेला असतो. लाखो हातांनी गुळगुळीत झालेला तो दांडा म्हणजे चासीने केलेल्या अन्यायावर सुताराने काढलेला तोडगा.

दुसरी किंमत जिवाची. गाडी उलटली की चासीला फारसे काही होत नाही, चिरडते ती बॉडी. आणि बॉडी बांधायचे काम देशभर हजारो लहान शेडमध्ये चालत आले. कुणी फार उत्तम बांधी, कुणी पातळ पत्रा आणि जाड रंग यांवर भागवी. चासीची कसोटी कारखान्यात होई, बॉडीची रस्त्यावर. एआयएस-०५२ हे बस बॉडीचे मानक आले तेव्हा कुठे खांब किती मजबूत हवेत, संकटकालीन दार कुठे हवे, हे कागदावर बांधले गेले. महामंडळानेही गेल्या दशकात ॲल्युमिनियम सोडून पोलादी सांगाड्याची बॉडी बांधायला घेतली. जुन्या चासीवर नवी पोलादी बॉडी चढवलेल्या गाड्याही कार्यशाळांतून निघाल्या. गंजाला भिऊन सोडलेल्या पोलादाकडे अर्ध्या शतकानंतर परत यावे लागले, कारण गंज पैसे खातो आणि उलटलेली गाडी माणसे खाते.

कारखान्यात चासी आणि बॉडी एकत्र करण्याचा प्रयत्नही आहे. टाटांच्या सहभागाने १९८० मध्ये गोव्यात निघालेली ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा सत्तरी तालुक्यात टाटांच्या चासीवर बॉडी बांधते. म्हणजे घरातल्या घरात, पण तरी दोन खोल्यांत. लंडनची रूटमास्टर १९५४ सालीच चासीशिवाय, सगळी एकजीव अशी बांधली गेली होती. आपण त्या वाटेने फार सावकाश चाललो आहोत. शेडमधला बॉडीवाला अजून गेलेला नाही, त्याने जावे असे मला वाटतही नाही. पण त्याच्या कामाला नाव आणि जबाबदारी दोन्ही हवीत. चासीवाल्याला ती पहिल्यापासून आहेत.

*

विलायतेतल्या त्या घराण्यांचे पुढे काय झाले? अल्बियन १९५१ मध्ये लेलँडने गिळली. पार्क रॉयल १९८० मध्ये बंद पडली, डुपल १९८९ मध्ये. इंग्लंडात लेलँडच्या नव्या बस निघणे केव्हाच थांबले. ते नाव आज नव्याकोऱ्या बसच्या तोंडावर पाहायचे असेल तर इकडे यावे लागते.

लीड्सच्या चार्ल्स रोची कथा मात्र वेगळी वळली. लेलँडने १९८४ मध्ये तो बॉडीचा कारखाना बंद केला. पुढच्या वर्षी त्याच आवारात जुन्या कामगारांना घेऊन ऑप्टेअर नावाची कंपनी उभी राहिली. २०१० मध्ये तिचा काही हिस्सा विकत घेतला अशोक लेलँडने, आणि पुढच्या वर्षी बहुतांश. तिचेच पुढे 'स्विच' झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर जी नवी विजेची वातानुकूलित दुमजली बस आली ती या स्विच नावाची. जुनी डिझेलची दुमजली त्याच वर्षी १५ सप्टेंबरला शेवटची धावली. शंभर वर्षांपूर्वी चासी तिकडून येत होती आणि बॉडी इकडे बांधली जात होती. आता तिकडच्या बॉडीवाल्यांचे घराणेच इकडच्या चासीवाल्याच्या घरी नांदायला आले आहे.

फाट्यावरच्या त्या चालकाने खिचडी संपवली, वर दोन ग्लास पाणी प्यायला, पंचा पुन्हा गुंडाळला. म्हातारा उठून चासीजवळ गेला. बैल पाहायला गेल्यासारखा त्याने मागच्या पाट्यांवरून हात फिरवला आणि उघड्या दांड्यांच्या मधोमध, जिथे पुढे कधीतरी माणसांचे पाय येणार होते, त्या पोकळीतून खालचा रस्ता पाहिला. "हितं खिडकीची जागा यील बगा," तो हवेत हात करून मला म्हणाला. चालकाने इंजिन सुरू केले. कळमनुरीच्या दिशेने ती निघून गेली. नांदेडची एसटी त्यानंतर वीस मिनिटांनी आली. दाराचा दांडा धरून म्हातारा माझ्याआधी चढला आणि खिडकीजवळ बसला.